इलेक्ट्रॉनांच्या सोबत चाललो तर चुंबकीय क्षेत्र गायब होईल का?

होकायंत्रवाला:
काल भाचीला दाखवायला सेलला तांब्याची तार जोडली, ती उत्तर-दक्षिण ताणून होकायंत्रावर धरली. सुई टुणकन वळली. तार खालून नेली तर उलट्या बाजूला. (तार लगेच चटका बसेल इतकी तापली, सोडून दिली.) भाची म्हणते, "मामा, इलेक्ट्रॉन पळतात म्हणून सुई फिरते ना? मग होकायंत्र घेऊन त्यांच्याबरोबर पळालं तर ते थांबलेलेच असतील. तेव्हा सुई कशी फिरेल?" मी गप्प. पुस्तकात 'गतिमान प्रभारामुळे चुंबकीय क्षेत्र' एवढंच आहे. गतिमान, पण कोणाच्या नजरेतून?

झटपट:
इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने जातात, त्यांच्याबरोबर पळणार कोण? प्रश्नच बाद.

निवृत्त_मास्तर:
झटपटराव, जरा दमानं. बटण दाबताच दिवा लागतो तो तारेभोवतीचं विद्युतक्षेत्र झपाट्याने पसरतं म्हणून. इलेक्ट्रॉन स्वतः महाआळशी. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर धारा असेल तर ते सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात, म्हणजे तासाला वीतभर. गोगलगाय त्यांना सहज मागे टाकेल.

तेव्हा भाचीला पळायला नको, होकायंत्र हळूच सरकवलं तरी पुरे. तरीही सुई वळलेलीच राहील! कारण तारेत नुसते इलेक्ट्रॉन नाहीत, तांब्याचे धन आयनही (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आहेत. तुम्ही इलेक्ट्रॉनांसोबत निघालात की ते आयन तुम्हाला मागे जाताना दिसतात. ऋण प्रभार पुढे जाणं काय नि धन प्रभार मागे जाणं काय, धारेची दिशा तीच.

पण पोरीचा प्रश्न एकट्या इलेक्ट्रॉनला लावा, मग खरी गंमत. निर्वातात एकच इलेक्ट्रॉन चाललाय आणि तुम्ही त्याच्या बरोबरीने. तुमच्यापुरतं त्याच्या गतीमुळे येणारं चुंबकीय क्षेत्र खरोखर शून्य, (इलेक्ट्रॉनचा स्वतःचा इवलासा चुंबकगुण सोडला तर) उरतं फक्त विद्युतक्षेत्र. बाजूला उभा असलेला माणूस मात्र दोन्ही मोजेल, आणि दोघेही बरोबर! एकाच क्षेत्राचा किती वाटा 'विद्युत' आणि किती 'चुंबकीय', हे बघणाऱ्याच्या वेगावर ठरतं. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेच्या लेखाची सुरुवातच या कोड्यापासून आहे: चुंबक हलवला काय नि तारेचं वेटोळं हलवलं काय, धारा तीच, मग स्पष्टीकरणं दोन का?

तुमचा सुईचा प्रयोग डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडचा, १८२० चा. सुई तारेकडे ओढली न जाता आडवी का वळते, यानेच तेव्हाची मंडळी चक्रावली होती.

होकायंत्रवाला:
मास्तर, आयनांचं डोक्यातच आलं नव्हतं. भाचीचा पुढचा प्रश्न तयार: तार नकोच, नुसती प्रभारित वस्तू हलवली तर?

निवृत्त_मास्तर:
तिला म्हणावं, अमेरिकन शास्त्रज्ञ रोलंडने १८७६ साली तेच केलं. प्रभारित चकती गरगर फिरवली आणि जवळ टांगलेली चुंबकसूची हलली. फार थोडी हलते हो, घरी जमायचं नाही.