अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तक स्कॅन करायचं तर प्रकाशकाची परवानगी लागते का?

ग्रंथपाल_कराड
शासनमान्य कॉलेजचं ग्रंथालय आहे. एम.ए. मराठीच्या दोन अंध विद्यार्थ्यांना समीक्षेचं एक 320 पानी पुस्तक हवं आहे. लेखक हयात आहेत, ई-बुक निघालेलं नाही आणि प्रकाशकाला दोन पत्रं पाठवूनही उत्तर नाही. परवानगीशिवाय स्कॅन करून युनिकोड फाइल (संगणक मोठ्याने वाचू शकेल असा टंकलेला मजकूर) देता येईल का? तीच फाइल शेजारच्या कॉलेजला देता येईल का? शिवाय नमुन्याची पाच पानं टेसरॅक्टमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम, म्हणजे ओसीआर) काढली, तर जोडाक्षरांचा पार खिमा झाला. फोनवरून फोटो काढले होते.

कलम_52
परवानगी लागत नाही. तिसरं पत्र पाठवू नका.

कॉपीराइट कायदा 1957चा, त्यात 2012च्या दुरुस्तीने कलम 52(1)(झेडबी) आलं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यानुसार कोणीही व्यक्ती अपंग व्यक्तीसाठी सुलभ स्वरूपातली प्रत तयार करून तिला देऊ शकते, पण खाजगी वापर, शिक्षण किंवा संशोधन यांसाठीच. दुसरा भाग अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा, आणि त्याच्या स्पष्टीकरणात शासनमान्य शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयं नाव घेऊन आलेली आहेत. म्हणजे तुम्ही दोन्हीकडून बसता. ‘सुलभ स्वरूप’ म्हणजे फक्त ब्रेल नव्हे. युनिकोड फाइल, मोठ्या टाइपातली प्रत, ध्वनिमुद्रण, सगळं त्यात येतं.

अटी दोन. नफा घ्यायचा नाही, प्रत बनवायचा खर्च तेवढा घेता येतो. आणि संस्थेने प्रत अपंग वाचकांपुरतीच राहील, बाजारात फिरणार नाही, याची वाजवी काळजी घ्यायची. कायद्यात नोंदवहीचा नमुना दिलेला नाही, पण एक ठेवाच: विद्यार्थ्याचं नाव, अपंगत्व प्रमाणपत्राचा क्रमांक, पुस्तक, तारीख. फाइलच्या पहिल्या पानावर ‘कलम 52(1)(झेडबी) अन्वये, केवळ अपंग वाचकांसाठी’ ही ओळ टाका. उघडी ड्राइव्ह लिंक नको. प्रत अपंग वाचकांपुरतीच ठेवू असं दुसऱ्या कॉलेजकडूनही लेखी घ्या, मग त्यांना देता येते.

लेखकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक जसेच्या तसे ठेवा आणि मजकूर गाळू नका. ‘सोपी करून’ दिलेली समीक्षा हा वेगळाच प्रकार झाला.

वाचनकट्टा
माझ्या माहितीप्रमाणे संस्था 12अ खाली नोंदलेली असावी लागते ना? आणि लेखक गेलेले असतील तर?

कलम_52
आयकर कायद्याच्या 12अ खालची नोंदणी हा संस्थेच्या व्याख्येतला एक पर्याय आहे, एकमेव नाही. अनुदान घेणाऱ्या संस्था, शैक्षणिक संस्था, ग्रंथालयं वेगळी दिली आहेत. व्यक्तीला तर नोंदणीच नको. ज्याला नफ्यावर अशा प्रती विकायच्या आहेत, त्याने कॉपीराइट कायद्याच्या 31ब खाली सक्तीचा परवाना मागायचा. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

लेखक वारल्यावर पुढच्या जानेवारीपासून 60 वर्षं हक्क चालतो. 1964 साली वारलेल्या लेखकाचं लेखन 2024 अखेर मोकळं झालं. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात, त्यांचा हक्क वेगळा मोजा.

खिळेजुळणी
आता खिम्याकडे. फोनचे फोटो हेच मूळ. पान वाकलेलं असतं, मधल्या शिवणीकडे सावली पडते, शिरोरेखा तिरकी होते आणि अक्षरं ओळखताना प्रोग्राम अडखळतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर 300 डीपीआय, राखाडी छटेत. टीपा बारीक असतील तर ती पानं 400 ला. थेट काळं-पांढरं स्कॅन करू नका, अनुस्वार आणि नुक्ते उडतात. जोडपान एकत्र असेल तर आधी मधोमध कापा. टेसरॅक्टला भाषेचा कोड ‘mar’ (मराठी) द्या. इंग्रजी अवतरणं असतील त्या पानांनाच ‘mar’ आणि ‘eng’ (इंग्रजी) जोडून, सरसकट नको, नाहीतर दंड (।) आणि आकडे रोमन अक्षरं होऊन बसतात. एका स्तंभाच्या पानाला पीएसएम (पानाची मांडणी सांगणारं सेटिंग) 6 बरा पडतो.

तरी एक चूक डोळ्यांनी हटकून निसटते. मूळात ‘दऱ्या’ असतं, ओसीआर ‘दर्या’ देतं. चष्मा लावून वाचणाऱ्याचं मन ते आपोआप सुधारतं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) मात्र डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र वाचतो, आणि ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं तर विद्यापीठात स्वयंपाकी की स्वयंपाकघरात प्राध्यापक, हे कसं कळणार? शोध-बदल सरसकट चालवू नका, प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ छापील पानाशी ताडून बघा.

प्रकाशकाने कधी पीडीएफ दिली तर आधी एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन चिन्हांचा चिवडा आला तर आत श्री-लिपीसारखा जुना फॉन्ट आहे. युनिकोड कन्व्हर्टर लावा, मग ‘धर्म’ शोधा. ‘धमर्’ सापडला की रफार चुकीच्या जागी बसला आहे हे समजा. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर टंकला जायचा. ऱ्हस्व वेलांटीचंही तसंच, ती आधी टंकलेली असते.

वाचनकट्टा
अशी सगळी पानं छापील प्रतीशी ताडून तपासायला वेळ किती जातो?

खिळेजुळणी
पानाला 10 मिनिटं धरली तर 320 पानांचे 53 तास. म्हणून परीक्षेआधी लागणारी प्रकरणं आधी, तपासून झाली की लगेच द्या, पुस्तक पूर्ण व्हायची वाट बघू नका.

वर्डमध्ये भाषा मराठी ठेवा. प्रकरणांना ‘हेडिंग 1’ ही शैली द्या, नुसता ठळक टाइप नको. मग एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ब्राउझ मोड चालू करून (एनव्हीडीए की + स्पेस) वेब पानासारखं एच दाबून प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. डोक्यावरची धावती शीर्षकं काढा, नाहीतर दर पानाला वाक्याच्या मध्येच पुस्तकाचं नाव ऐकू येतं. पानाचा आकडा ‘पान 57’ असा स्वतंत्र ओळीत ठेवा, प्रबंधात संदर्भ द्यायला तोच लागतो. तळटिपा परिच्छेदानंतर आणा. गद्यातल्या ओळी जोडा, कवितेच्या अजिबात जोडू नका.

ग्रंथपाल_कराड
ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर ठेवलं तर? आणि आमची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेत आहे, तिला हेच हवं आहे.

कलम_52
यूट्यूबवर नको. तिथे डोळस श्रोताही पोचतो आणि दुसरी अट मोडते. एमपी3 थेट विद्यार्थ्याच्या हातात द्या.

अमेरिकेसाठी मॅराकेश करार आहे, अंध वाचकांसाठीच्या प्रतींचा आंतरराष्ट्रीय करार. 2013 साली झाला, भारताने 24 जून 2014 रोजी सर्वांत आधी मान्यता दिली, 30 सप्टेंबर 2016 पासून लागू आहे आणि अमेरिकाही त्यात आहे. त्यात फाइल सीमेपलीकडे पाठवायची वाट अधिकृत संस्थांमधून जाते, तेव्हा तुम्ही ईमेल करण्याऐवजी तिला बुकशेअरवर (अशा वाचकांसाठीचं अमेरिकेतलं ऑनलाइन ग्रंथालय) विचारायला सांगा.

स्कॅनरला हात लावण्याआधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे अशा वाचकांसाठीच्या भारतातल्या ऑनलाइन ग्रंथालयात, मात्र शोधा. देवनागरीत आणि रोमन स्पेलिंगमध्ये, दोन्हीकडे. सभासद होण्यासाठी डेझी फोरमशी (ते चालवणारा संस्थांचा गट) जोडलेल्या संस्थेमार्फत जावं लागतं, तिथे प्रमाणपत्र दाखवावं लागेल.