सल्ला हवा: जुन्या सागवानी फळ्यांसाठी कमी खर्चातला इलेक्ट्रिक सँडर

गोडोलीकर, सातारा

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर सुतारकामाचा छंद करतो आहे. चार पाट, दोन चौरंग आणि एक किंचित तिरकी पुस्तकांची फळी एवढीच आजवरची कमाई आहे. आतापर्यंत सगळे घासकाम लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच केले, परंतु आता घेतलेले काम हाताने उरकेल असे वाटत नाही. वाईजवळच्या आमच्या गावचे जुने घर उतरवले तेव्हा निघालेल्या सागवानी दारांच्या फळ्या मी मागून घेतल्या होत्या. त्यांतून मुलीसाठी चार फूट बाय दोन फुटांचे अभ्यासाचे टेबल आणि उरलेल्या लाकडातून आईसाठी झोपाळ्याची पाटी करायचा विचार आहे. फळ्यांच्या एका बाजूला हिरवा ऑइलपेंट आहे आणि दुसरी बाजू चुलीच्या धुराने काळवंडलेली आहे.

म्हणून लाकूड घासायचे यंत्र, म्हणजे इलेक्ट्रिक सँडर घ्यायचा आहे. तो कागदासह ५,००० रुपयांत बसवायचा आहे, फार तर ६,०००. मोती चौकातल्या एका दुकानदाराने 'तुमच्याकडे ग्राइंडर आहे ना, मग त्यालाच चकती लावा' असे सांगितले, तर दुसऱ्याने बेल्ट सँडर, म्हणजे कागदाचा पट्टा फिरवणारे यंत्र, पुढे केला. नेमका कोणता प्रकार घ्यावा, किती वॅटचा घ्यावा आणि कोणत्या नंबरचे कागद आणावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कृष्णाकाठ, सांगली

ग्राइंडरचा सल्ला आधी बाजूला ठेवा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, त्याची चकती एकाच दिशेने फिरते आणि सागावर हात क्षणभर रेंगाळला तरी बशीसारखा खळगा पडतो. मग तो खळगा घालवण्यासाठी सगळी फळी त्या पातळीपर्यंत खाली आणावी लागते. ड्रिलला लावायच्या रबरी चकतीचेही तेच, शिवाय ड्रिलची बेअरिंग बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी केलेली नसतात. बेल्ट सँडर हे यंत्र वाईट नाही, पण ते हाताला ओढून नेते आणि नवख्या माणसाच्या टेबलाच्या कडा बघता बघता उतरत्या करून टाकते.

राहिले दोन प्रकार. एक चौकोनी बुडाचा, ज्याला दुकानात फिनिशिंग सँडर किंवा पाम सँडर म्हणतात. त्याचे बूड गोल फिरत नाही, ते जागच्या जागी बारीक वर्तुळात थरथरते. दुसरा गोल बुडाचा रँडम ऑर्बिटल. त्याचे बूड थरथरते आणि त्याच वेळी मोकळेपणाने फिरतही राहते, त्यामुळे कागदाचा एकच कण त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही, ओरखडे कमी दिसतात आणि लाकूड चौकोनी सँडरपेक्षा बरेच लवकर निघते. कोपऱ्यात मात्र गोल बूड पोहोचत नाही.

वॅटच्या मागे फार लागू नका. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई हा गोल सँडर २५० वॅटचा आहे, त्याचे फेरे चाकाने ७,५०० ते १२,००० यांदरम्यान कमी-जास्त करता येतात आणि वजन १.३ किलो आहे. मकिताचा चौकोनी बीओ४५५६ तर २०० वॅटचाच आहे. घरच्या कामाला एवढी ताकद पुरेशी होते. खोक्यावर ४०० किंवा ५०० वॅट छापलेले असले म्हणून लाकूड दुप्पट वेगाने घासले जाईल, असे मुळीच नाही.

मला विचाराल तर सँडर घेताना आपण खरे म्हणजे कागदाचे गिऱ्हाईक होत असतो, आणि हे मी पैसे घालवून शिकलो. २०१९च्या महापुरानंतर घरातले फुगलेले, चिखलाचे डाग पडलेले फर्निचर स्वतःच दुरुस्त करावे म्हणून एक स्वस्त गोल सँडर मागवला होता. त्याच्या बुडाला सहा छिद्रे होती आणि मला मिळत होते ते आठ छिद्रांचे कागद. छिद्रे जुळत नसल्यामुळे धूळ पिशवीत न जाता माझ्या तोंडावर येई. आठ महिन्यांत बुडावरचे वेल्क्रो झिजले, कागद चालू यंत्रातून उडू लागले आणि सुटे बूड काही केल्या मिळेना. मोटर आजही ठणठणीत आहे, पण यंत्र माळ्यावर पडून आहे.

चौकोनी सँडरचे या बाबतीत सुख आहे. नऊ बाय अकरा इंचांचा साधा ताव कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याचे चार समान तुकडे केले की साडेचार बाय साडेपाच इंचांचा एकेक तुकडा बुडावर चिमट्यांनी बसतो. रविवारी दुपारी कागद संपला तरी काम अडत नाही. तरीही तुमच्या टेबलाचा आकार पाहता मी १२५ मिलिमीटरचा गोल सँडरच सुचवीन. मात्र त्याच्या बुडाची छिद्रे मोजा, तसेच कागद आपल्या गावात किंवा घरपोच नियमित मिळतात का ते पाहा, सुटे बूड आणि कार्बन ब्रश (मोटरमधले झिजणारे तुकडे) मिळतात का ते विचारा, आणि मगच पैसे द्या. फेरे कमी-जास्त करायचे चाक असलेलाच घ्या.

पटाशी, कराड

मी हेच काम पोटासाठी करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. सँडर लाकूड गुळगुळीत करतो, सपाट करत नाही. जुन्या दारांच्या फळ्या कधीच एका पातळीत नसतात. जोडकाम झाल्यावर लोखंडी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा, आणि जिथे उंचवटा असेल तिथे आधी रंधा मारा. सँडरने उंचवटा काढायला गेलात तर उंचवट्याबरोबर शेजारचा खड्डाही तेवढाच खाली जातो, आणि पॉलिश चढल्यावर टेबलावर लाटा दिसतात.

दुसरी गोष्ट खिळ्यांची. गावच्या दारांत डोके मोडलेले खिळे आत राहिलेले असतात. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, म्हणजे जिथे तो ओढ घेईल तिथे खूण करता येईल. खिळा रंध्याचे पाते खातो आणि सँडरचा कागद तर एका झटक्यात फाडतो.

कागद ८०, १२० आणि १८० नंबरचे घ्या, हवे तर शेवटी २२०; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. मधला नंबर गाळू नका. ८०चे ओरखडे १८०ने जात नाहीत; लाकूड कोरडे असताना ते लपतात आणि पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतात. प्रत्येक नंबरच्या आधी फळीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या फिकट रेघा मारा. सगळ्या रेघा गेल्या की पुढचा कागद लावा. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच करायला लावतो, कारण नजरेवर सोडले तर सगळ्यांचा हात मधोमध जास्त आणि कडांना कमी फिरतो.

निळी शाई, सांगली

यंत्राची चर्चा चालू राहू द्या, परंतु धागाकर्त्यांनी हिरव्या ऑइलपेंटचा उल्लेख अगदी ओझरता केला आहे आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. रंगांचा व्यवसाय असल्यामुळे आवर्जून लिहीत आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ सालचा आहे आणि त्याचा अंमल नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, शिसे पुष्कळ असू शकते. अशा रंगावर कोरडा सँडर चालवला की त्याची पिठासारखी धूळ होते, ती गच्चीवरून खाली घरात येते आणि लहान मुलांच्या हातातोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

म्हणून त्या बाजूला सँडर लावूच नका. ब्लो लॅम्पने (ज्योत सोडणाऱ्या दिव्याने) रंग जाळूही नका, कारण त्यातून विषारी धूर निघतो. पेंट रिमूव्हर लावून किंवा पाण्याने ओला ठेवून रंग पत्र्याच्या पट्टीने खरवडा. खाली प्लॅस्टिक अंथरा, खपल्या ओल्या असतानाच गुंडाळून बांधून ठेवा, जागा ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. या कामाचे कपडे वेगळे धुवा. मुलगी आणि घरातले लहान कोणी त्या दिवशी गच्चीवर येऊ नये.

गोडोलीकर, सातारा

मनःपूर्वक आभार. रंगाची बाब माझ्या ध्यानीमनीही नव्हती. मी तर हिरवी बाजूच आधी घासणार होतो. आता रंग ओला करून खरवडतो. लाकडाच्या धुळीचे काय करावे? पिशवीवर विसंबून चालेल का? आणि झोपाळ्याच्या पाटीच्या कडा गोल ठेवायच्या आहेत, त्याही याच यंत्राने होतील का?

कृष्णाकाठ, सांगली

यंत्राबरोबर येणारी पिशवी जाड धूळ पकडते, बारीक धूळ तिच्या कापडातून बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, एन९५ मास्क घ्या. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी धुळीच्या तोटीला जोडा. माप जुळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हीकडे ओढून बसवा, माझ्याकडे चार वर्षे तोच चालला आहे. साग तेलकट असल्यामुळे कागद लवकर भरतो. भरलेल्या कागदावर जुन्या चपलेचा कच्च्या रबराचा तळवा यंत्र चालू ठेवून हलकेच फिरवलात तर धूळ निघून येते आणि कागद बराच काळ पुरतो.

मिरजेहून

आमच्या गल्लीत तंतुवाद्ये होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यामुळे कारागिरांच्या हाताला सुट्टी मिळाली असे काही झालेले नाही. वळणाच्या जागी अजूनही कागद आणि बोटेच चालतात. झोपाळ्याच्या पाटीचा वरचा भाग खुशाल सँडरने करा, गोल कडांना मात्र यंत्र लावू नका, नाही तर गोलाईवर चपटे पट्टे पडतात. रबरी पाइपचा तुकडा उभा चिरून त्यावर कागद गुंडाळा, म्हणजे गोलाईला धरून घासता येते. १८० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड एकदा पुसून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतील, ते २२०च्या कागदाने हाताने हलकेच कापा. ज्या पाटीवर आई उघड्या पायांनी बसणार आहे, तिला हे करायलाच हवे.

गोडोलीकर, सातारा

चार आठवड्यांनी लिहीत आहे. शेवटी आठ छिद्रांचा, फेरे कमी-जास्त होणारा गोल सँडर घेतला. कागद धरून खर्च ६,०००च्या थोडा वर गेला, तो घरात अजून सांगितलेला नाही. रंग खरवडायला दोन रविवार लागले. चुंबकाने सात खिळे सापडले, आठवा कागदानेच शोधून दिला. झोपाळ्याची पाटी उत्तम झाली आहे.

टेबलावर मात्र एक अडचण आहे. १२०चा कागद झाल्यावर विजेरी आडवी धरून पाहिली, तर डुकराच्या शेपटीसारखी बारीक वेटोळी जागोजागी दिसतात. पेन्सिलच्या रेघा तर पूर्ण गेल्या होत्या. कागद खराब आहे का?

पटाशी, कराड

कागदापेक्षा हात तपासा. वेटोळी बहुतेक वेळा दाबल्यामुळे येतात. यंत्राचे वजन आणि तुमच्या पंज्याचे वजन, एवढाच भार पुरे; दाबले की बुडाचे फिरणे थांबते आणि कण एकाच जागी कोरत बसतो. बुडाच्या कडेला पेन्सिलने एक रेघ मारा आणि काम करताना ती फिरताना दिसते का ते पाहा. यंत्र सेकंदाला इंचभर, एवढ्याच सावकाश सरकवा. लाकडावर टेकवूनच चालू करा. हवेत पूर्ण वेग घेतलेले बूड खाली टेकले की पहिला ओरखडा तिथेच पडतो. प्रत्येक कागद बदलताना फळी पुसा, कारण ८०चा एखादा सुटा कण १२०च्या खाली सापडला तरी अशीच वेटोळी निघतात. आता ८०वर परत जायची गरज नाही, नवा १२० लावून पुन्हा एक फेरी करा.

गोडोलीकर, सातारा

रेघ मारून पाहिली. माझ्या नेहमीच्या दाबाला ती जागची हलतही नव्हती. आज संध्याकाळी दोन बोटे उचलून धरली आणि ती फिरू लागली. आता निम्मे टेबल झाले आहे, उरलेले पाऊस उघडला की करतो.