लिंगाणा उतरताना शेवटच्या माणसाला बॅकअप काय?

प्रश्न (घळवाट): मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेने (कड्यातली अरुंद घळ) लिंगाणा, रायगडाजवळचा सुळका, करायचा आहे. ६० मीटरचे दोन रोप (दोर) आणि फिगर ऑफ एट (दोरावरून उतरताना वेग आवरणारी आठच्या आकाराची कडी) आहे. बाकीच्यांना वरून बिले (दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा दोर) मिळेल, पण शेवटी उतरणाऱ्याचं काय?

कातळकडा: प्रुसिक, म्हणजे वजन आलं की रोपाला घट्ट धरणारी बारीक दोरीची गाठ. ६ मिमी जाडीची, दीड मीटर दोरी घेऊन डबल फिशरमन गाठीने वेटोळं करा, शेपटं (सुटी टोकं) ६-७ सेंमी सोडा. रोपाच्या दोन्ही पदरांवर मिळून त्याचे तीन-चार वेढे (ही ऑटोब्लॉक पद्धत) देऊन ते लॉकच्या कॅराबिनरने (धातूची कडी) हार्नेसच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, पुढच्या बिले लूपला अडकवा. एट मात्र स्लिंगने (शिवलेल्या पट्ट्याने) वीतभर वर न्या. बहुतेकजण इथेच चुकतात: एट हार्नेसलाच लावलं की वेढे त्याला टेकतात आणि सैल पडतात, मग गाठ धरतच नाही. सेल्फ अँकर (स्वतःला कड्याशी बांधलेला पट्टा) काढण्याआधी एकदा हात सोडून वजन टाकून बघा. शिवाय खाली पोचलेल्याने दोन्ही पदर हातात ठेवावेत. वरचा घसरला तर ओढून ताणले की तो थांबतो. फक्त दगडांच्या रेषेतून बाजूला उभं राहा.

जुनीमेख: बॅकअप कितीही चांगला असला तरी अँकर (रोप ज्याला बांधतो तो कातळातला आधार) गेला तर सगळंच गेलं. गंजलेला, हलणारा, भोवतीचा कातळ तडकलेला बोल्ट (कातळात ठोकलेली मेख) नको. दोन बोल्टवर भार वाटा, स्लिंगमधला कोन ६० अंशांच्या आत. १२० अंशांना प्रत्येक बोल्टवर पूर्ण वजन येतं, मग वाटणी कसली? आधीच्यांनी सोडलेल्या, उन्हाने पांढुरक्या पडलेल्या स्लिंगवर तर मुळीच लटकू नका.

घळवाट: दोन रोप जोडायला कुठली गाठ?

कातळकडा: साधी ओव्हरहँड, शेपटं ३० सेंमी, गच्च आवळलेली. गाठ कुठल्या रंगाच्या रोपाकडे आहे ते मोठ्याने सांगा, तोच ओढायचा. शेवटचा उतरण्याआधी खालच्याने हातभर ओढून पाहावं, कारण एटमुळे पीळ पडतो आणि रोप अडकतो. दोन्ही टोकांना स्टॉपर गाठी हव्यातच, मात्र ओढण्याआधी सोडा.

जुनीमेख: आणि हेल्मेट कड्यापाशी नाही, नाळेच्या तोंडाशीच चढवा. तिथले दगड सुटे आहेत; एकावेळी एकच जण किंवा सगळे अगदी चिकटून. आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद.