नवे स्पीकर सगळं ऐकवतात, पण गाणं कानाला टोचतं. ॲम्प्लिफायर बदलू का?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली जुन्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या. हॉल साधारण १८ × १४ फूट. बाबांच्या काळातला टू-इन-वन बंद पडला म्हणून या वर्षी हौस केली: ५ इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, ८० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि इंटरनेटवरची गाणी वाजवणारा स्ट्रीमर.

आधी कधी न ऐकलेलं ऐकू येतंय हे खरं. गायिकेने सम गाठायच्या आधी घेतलेला श्वास, हार्मोनियमच्या भात्याची फुसफुस, डग्ग्यावर घासलेलं मनगट. पण विलंबित संपायच्या आत कान थकतात. ‘स’ आणि ‘श’ टोचतात. आवाज कमी केला की गाणं पोकळ होतं. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी लावली तर गळा मागे, खरखर पुढे.

दुकानदार म्हणतो, व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प घ्या, ऊब येईल. ६० हजार सांगतोय. घ्यावा का? स्पीकर भिंतीपासून ३ फूट पुढे आहेत (यूट्यूबवर तसंच सांगतात), मी समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसतो.

व्हॉल्व्हवेडा
घ्या हो, डोळे मिटून. तारसप्तक मऊ होतं. एकदा व्हॉल्व्ह ऐकलात की परत फिरणार नाही.

साऊंडवाला_डिचोली
फोंडेकरभाऊ, थांबा. ६० हजार खिशातच असू देत.

मी जत्रांतल्या उत्सवी नाटकांना माईक आणि बॉक्स लावतो. पत्र्याच्या मंडपात नट ‘श’ म्हणाला की पहिल्या रांगेतले कान झाकतात. तिथे कोणी ॲम्प्लिफायर बदलत नाही, बॉक्सचं तोंड फिरवतो.

आधी हे करा. खुर्ची उचला आणि स्पीकरच्या पुढ्यात ३-४ फुटांवर बसा. तेच गाणं, आवाज तेवढाच भासेल इतका कमी करून. तिथेही ‘श’ टोचला तर दोष स्पीकरचा किंवा रेकॉर्डिंगचा. टोचणं गेलं तर तो तुमच्या हॉलचा. जवळ बसल्यावर स्पीकरचा थेट आवाज जास्त येतो, लाद्या-भिंतींवरून उसळलेला कमी. माझा अंदाज हॉलचाच आहे. कौलांना मी दोष देणार नाही, उतरतं उंच छप्पर आवाज सरळ खाली फेकत नाही. गडबड लादी, काचा आणि तुमच्या डोक्यामागची भिंत करते.

आता पोकळपणा. बुकशेल्फचा डबा जेमतेम ८ इंच रुंद. साधारण ५००-६०० हर्ट्झच्या खालचा आवाज त्या डब्याला वळसा घालून मागे जातो, वरचा मात्र सगळा तुमच्याकडे. मागे भिंत जवळ असेल तर गेलेल्यातला बराच परत मिळतो. मोठ्या हॉलमध्ये ३ फूट पुढे ठेवलेत, तो परत कुठून मिळणार? स्पीकर मागे सरकवा. सव्वा फुटापासून सुरुवात करा, मग दोन-दोन इंच. तंबोरा लावून ऐका. काळी एक पट्टीत गाणारा पुरुष गायक असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, बायकांच्या काळी चारला १०४. खर्ज भरला आणि जवारीची (घोडीवर तार घासून उठणारी) झिणझिण तशीच मोकळी राहिली की थांबा. खर्ज नुसता घुमायला लागला तर दोन इंच पुढे. तपशील आणि ऊब दोन्ही त्या एका वाद्यात आहेत, म्हणून मी दुसरं काही लावतच नाही.

स्पीकर थेट कानाकडे रोखले असतील तर थोडे बाहेर वळवा. ‘श’ तिथेच निम्मा शमतो.

आणि आवाज कमी केल्यावर खालचे सूर गायब होणं हा कानाचाच स्वभाव. रात्री हळू ऐकताना बास दोन डेसिबल वाढवा. टोन कंट्रोल वापरलं म्हणून कोणी वाळीत टाकत नाही.

जवारी
डिचोलीकरांशी सहमत, फक्त एक भर. ‘उसळतंय’ म्हटलं की लोक लगेच पडदे टांगतात. पातळ पडदा आणि सतरंजी फक्त वरचे सूर पितात, मधला घुमारा जसाच्या तसा. मग आवाज मऊ न होता मंद होतो, आणि वर लोक म्हणतात ऊब आली! तंबोऱ्याची जवारी मारून मिळवलेली ऊब मला नको.

कापसाची ४-५ इंच जाड गादी भिंतीपासून ४ इंच सुटी उभी केलीत तर ती ४०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत काम करते. ती फट ठेवाच. आपल्याकडे जुलैत चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, चिकटवलेल्या गादीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. जागा शोधायला आरसा: घरातल्या कोणाला तरी तो बाजूच्या भिंतीवर सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून जिथे स्पीकर दिसेल तिथे गादी.

व्हॉल्व्हवेडे, ऊब असते, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज स्पीकरच्या इंपीडन्सप्रमाणे (दर सुराला बदलणाऱ्या विद्युत विरोधाप्रमाणे) बदलतो. फोंडेकरांच्या स्पीकरवर तो मऊच होईल याची हमी दुकानदार देणार आहे का?

७८ च्या रेकॉर्डींचं मात्र वेगळं. त्यात वरच्या टोकाला गाणं फारसं नाहीच, सुईची खरखर आहे. तिथे ट्रेबल (वरच्या सुरांचं बटण) बेधडक उतरवा आणि केसरबाई ऐका.

व्हॉल्व्हवेडा
हमी नाही. पण घरी आणून ऐकायला देत असेल तर ऐकण्यात काय जातं?

फोंडेकर
देव बरें करूं सगळ्यांना. खुर्चीवर बसून बघितलं, टोचणं जवळजवळ गेलं. स्पीकर दीड फुटावर आणले, तोंडं बाहेर वळवली. खर्ज आता पोटाला कळतो. हार्मोनियमचा भाता अजून ऐकू येतोय, पण गाण्याच्या मागे, पुढे नाही.

अडचण सोफ्याची. आई म्हणते, चवथीला पाहुणे येणार, सोफा भिंतीचा हलणार नाही. गादी भिंतीवर म्हटल्यावर तर बोलणंच बंद.

साऊंडवाला_डिचोली
मग सोफा आईचा. ऐकताना वेताची खुर्ची ओढायची भिंतीपासून ४ फूट पुढे, झालं की जागेवर. खुर्चीची जागा लादीच्या नक्षीवर लक्षात ठेवा, दर वेळी टेप लागत नाही. सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट चालेल का विचारा, पुस्तकं खोल-उथळ ठेवायची. कपाटाला आया सहसा नाही म्हणत नाहीत.