१ मे साठी गिरणगावातली गाणी हवीत, मदत कराल का?

टॉवरातला_नागपूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

लोअर परळला आमची सोसायटी आहे. जागा एका गिरणीची होती. चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय, तिच्या भोवती मुलं सायकली फिरवतात. दर १ मे ला झेंडावंदन, राज्यगीत, बटाटावडा-चहा, की संपलं. यंदा सांस्कृतिक समितीत माझं नाव घातलंय, म्हणून मी सुचवलं की ज्यांनी इथे पाळ्या केल्या त्यांची गाणी पाऊण तास म्हणू. दोघांनी मान डोलावली. तिसऱ्याने विचारलं, "म्हणजे लावण्या ठेवायच्या का?"

मी नागपूरचा. गिरणगाव मला सासुरवाडीच्या गप्पांतून माहीत, तेवढंच. नेटवर शोधलं तर सगळीकडे अण्णाभाऊ साठ्यांचं 'माझी मैना गावावर राहिली' येतं, आणि तेही कुठे तीन कडव्यांचं, कुठे दहा मिनिटांचं. आता माझे प्रश्न. मैना सोडून काय म्हणता येईल? हौशी लोकांना पोवाडा झेपतो का? आमच्यात गाणारे सहा-सात आहेत, एकजण ढोलकी बरी वाजवतो. आणि मुलांना कळेल असं हवं, नुसतं रडगाणं नको.

डफवाला_वाळवा

दादा, पोवाडा झेपतो, पण मागं झिलकरी पायजेत. मुख्य शाहीर कितीबी भारी असला तरी 'जी जी रं जी' म्हणणारे दोघं-तिघं दमदार नसले तर सगळं सपाट होतं. झिलकऱ्यांचं काम नुसतं टेकू द्यायचं नसतंय, शाहिराला श्वास घ्यायला तेवढीच जागा मिळती. सहा-सात माणसं आहेत म्हणता, त्यातली तीन मागं उभी करा. डफ आणि तुणतुणं एवढंच ठेवा, ढोलकी मैनेला वापरा. कीबोर्ड आणाल तर मी धाग्यावरनं उठून जाईन.

आणि कागद बघून म्हणू नका. पोवाड्यात मधे गद्य येतं, तिथं लोकांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं. आमच्याकडं वाटेगावला अण्णाभाऊंच्या जयंतीला पोरं येतात, आवाज चांगला, पण नजर मोबाईलवर. मग गर्दीबी मोबाईलच बघती.

लालबागची_लेक

नागपूरकर, आधी तुम्हाला शाबासकी. परळच्या टॉवरात राहून परळची चौकशी करणारे थोडे.

माझे वडील साचे खात्यात, म्हणजे विणकामाला होते. आजोबाही तिथेच. घर संगमेश्वरकडचं, म्हणजे आमच्या चाळीत जाखडी आणि डबलबारी भजनंच जास्त. पोवाडा ऐकायचा तो कामगार मैदानात नाहीतर नरे पार्कात. तर माझं पहिलं सांगणं एवढंच: मैना म्हणायची असेल तर पूर्ण म्हणा, नाहीतर म्हणूच नका.

आता का ते सांगते. मुंबईत गिरणीत लागलेला पुरुष बायकोला इथे आणत नसे. आणणार कुठे? खोलीला पागडी लागे. एकेका गाळ्यात पंधरा-वीस गाववाले राहायचे, ट्रंका भिंतीला आणि जेवण खाणावळीत. रातपाळीचा कामावर गेला की त्याच्या पथारीवर दुसऱ्या पाळीचा येऊन पडायचा. गणपती-शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, चार दिवस घर बघायचं, परत. त्यामुळे सभेत हे गाणं ऐकणाऱ्या निम्म्या पुरुषांची मैना खरोखरच गावावर होती. शाहीर तिचं वर्णन करतो, निघतानाची घालमेल सांगतो, मुंबईतलं रिकामं पाकीट सांगतो, आणि खाली बसलेला माणूस मनात म्हणतो, हा माझंच बोलतोय. तो पुरता हाती आला की मग शाहीर वळण घेतो: तुझी आणि तिची जशी ताटातूट, तशीच या तुटलेल्या महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. राज्य पुनर्रचना आयोग काय म्हणाला, मराठी-गुजरातीचं द्विभाषिक राज्य म्हणजे काय, यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. विरह त्याला आधीच ठाऊक आहे.

टीव्हीवरच्या स्पर्धांत हे गाणं मैनेच्या नाकाडोळ्यांवर थांबतं. ढोलकी कडकडते, परीक्षक उभे राहतात. अण्णाभाऊंनी ज्यासाठी ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) रचली ते नेमकं कापून टाकलेलं असतं. तुम्ही तरी कापू नका, १ मे आहे तो.

दुसरं, त्यांचीच 'मुंबईची लावणी'. तुमच्या तिसऱ्या सभासदाला सांगा, हो, लावणी ठेवलीय. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी केली होती, अण्णाभाऊंनी तीच मुंबई परळाच्या बाजूने पाहिली. वर मलबार हिल, खाली राबणारे. मुलांना हे लगेच कळतं, कारण त्यांच्या खिडकीतून अजून दोन्ही दिसतं.

तिसरं, आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक. 'सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो, सांगा धनाचा साठा नि आमचा वाटा कुठाय हो'. हे सात वर्षांचं पोरही दुसऱ्या फेरीला उचलून धरतं. आणि हे गाणं घेताना प्रेक्षकांना एक गोष्ट सांगाच. गिरणगाव म्हणजे सगळे कामगार भाऊ-भाऊ असं चित्र काढू नका. साचे खात्यात पगार बरा, पण तिथे दलितांना घेत नसत. कारण? धोट्यातली (मागावर आडवं सूत नेतो तो लाकडी धोटा) सुताची कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसरा हाती घेणार, म्हणून बाट. माझे आजोबा हे अगदी सहज सांगायचे, पाऊस पडला सांगावं तसं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात नेमका हा प्रश्न लावून धरला. म्हणून लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांचा शाहीर आणि आंबेडकरी जलसा एकाच परळात, बीडीडी चाळींच्या आसपास, वेगवेगळे उभे राहिले. अण्णाभाऊंचे पाय दोन्हीकडे होते, म्हणून मला ते जास्त जवळचे.

अजून खूप आहे. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर १९४६ मध्ये गोळीबार झाला, त्यावर अण्णाभाऊंचा पोवाडा आहे. बंगालच्या दुष्काळावर आहे. विचार करा, त्या काळी लालबागचा कामगार, ज्याने ठाण्यापलीकडे गाव सोडून काही बघितलेलं नाही, तो बंगालमध्ये माणसं कशी मेली ते डफावर ऐकत होता. पण पाऊण तासात एवढं कोंबू नका.

खरं_तेच_बोलतो

महाराष्ट्र दिनाला लाल बावटा कशासाठी? स्टालिनग्राडचे पोवाडे रचणारे हे लोक. बेचाळीसला, चले जावच्या वेळी कुठे होते तेही जरा सांगा. शिवरायांचा पोवाडा घ्या, सगळ्यांना चालेल.

लालबागची_लेक

बेचाळीसचा हिशोब वेगळा आहे, त्यावर धागा काढा, मी येते. तिथे मी कुणाची बाजू सावरणार नाही.

पण १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तिच्यात अत्रे होते, एसेम जोशी होते, प्रबोधनकार ठाकरे होते आणि कम्युनिस्ट डांगेही होते. फ्लोरा फाउंटनला आणि पुढच्या गोळीबारांत जे पडले त्यांची यादी वाचा, गिरणी कामगार किती सापडतात बघा. आणि शिवाजी पार्कच्या सभेत भाषणांआधी लाखभर माणूस जागेवर बसवून ठेवायचं काम कोण करायचं? अमर शेख. बार्शीचा मेहबूब पटेल. राज्य १९६० साली नेमकं कामगार दिनीच आलं, ते काय मी ठरवलं?

शिवरायांचं म्हणाल, तर अण्णाभाऊंच्या तमाशात गणाला, म्हणजे सुरुवातीच्या वंदनाला गणपती नाही, मायभूमी आहे आणि शिवछत्रपती आहेत. तेव्हा तुमची मागणी त्यांनी तुमच्या आधीच पुरी केलेली आहे. स्टालिनग्राडचा पोवाडा मात्र मीही घेणार नाही, मला तो आता लांबलेला वाटतो.

ओवीवाली

वर सगळे शाहीर पुरुषच आले. १९२० च्या दशकात गिरण्यांत दर पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक वायंडिंग-रीळिंगमध्ये. पुढे त्या कमी होत गेल्या. आणि खाणावळी चालवणाऱ्या वेगळ्याच, त्यांच्या उधारीवर संप चालले. त्यांच्यातूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका मैदानात डफ घेऊन उभ्या राहिल्या नाहीत, पण गात होत्या.

जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बऱ्याच आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर मराठी मजकुरासकट ऐकता येतात. भीमरायावरच्या आहेत, मुळशीच्या धरणात बुडालेल्या जमिनीवरच्या आहेत, कष्टाच्या तर असंख्य. मुळशी, भोर, वेल्हे इथले कितीतरी पुरुष मुंबईला गिरणीत होते. लेक म्हणते ती गावावर राहिलेली मैना तिथे पहाटे दळत होती आणि तिचं म्हणणं ती स्वतः सांगत होती.

माझी आत्या वेल्ह्याची. तिची एक ओवी मला पाठ आहे:

पोष्टाच्या शिपायानं, मनिआडर दिली हाती
कापसाच्या खात्यामंदी, बंधु जागतो साऱ्या राती

दोन ओळी, बस. पुढच्या दळणाला 'बंधु'च्या जागी 'राया' आला, की तीच ओवी नवऱ्याची झाली. मैनेच्या आधी दोन-तीन ओव्या घ्या, साथ नको, एकाच बाईचा आवाज. चाल संथ ठेवा. जातं ओढायच्या दमावर ती चाल बसलेली असते, घाई केली तर अंगाई वाटायला लागते. शक्यतो दोघी समोरासमोर बसवा, एक ओळ हिची, एक तिची, दळताना बसतात तशा.

डफवाला_वाळवा

ताई, हे लई बेस. आणि ओवी संपल्या संपल्या लगेच डफ नको. तुणतुण्यानं सूर धरा, मग मैना उचला. सूर एकच ठेवा, म्हणजे मधे निवेदन लागत नाही.

टॉवरातला_नागपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. पाऊण तासाची पंचवीस मिनिटं झाली, कारण मुलांचा झुंबा आहे. ओव्यांना दोघी तयार झाल्यात, एकीची आजी मावळातली निघाली, ती स्वतःच चाल शिकवणार म्हणते. वामनदादांच्या गाण्यावर मात्र खजिनदार अडलेत. वाटा मागणारं गाणं आपल्या बिल्डरला लागेल का, असं विचारत होते. कार्यक्रमाच्या मंडपाचे पैसे तोच देतोय.

लेकताई, आता पंचवीस मिनिटांत काय ठेवू, काय काढू?

लालबागची_लेक

लागलं तर लागू द्या. खजिनदारांना एवढंच सांगा की १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून बाहेर. तेव्हा वाटा मागणारं गाणं तुमच्या चिमणीखाली नाही म्हणायचं तर कुठे म्हणायचं? बिल्डर येईल, पहिल्या रांगेत बसेल, आणि टाळ्याही देईल. त्यांना सवय असते.

पहिली रांग मात्र सगळी त्याला देऊ नका. तुमच्या मागच्या चाळीत ८२ च्या संपातले दोन-चार म्हातारे अजून असतील. अडीच लाख माणूस बाहेर पडला होता, कुणीतरी सापडेलच. आठ दिवस आधी जाऊन बोलवा, नुसती पत्रिका टाकू नका. भाषण करायला सांगू नका, संकोचतात. गाणी ऐकायला या म्हणा. त्यांच्यातला एखादा आपणहून झिलकऱ्यांत उभा राहिला तर जागा करून द्या.

वेळेचं असं करा. ओव्या तीन मिनिटं, मैना पूर्ण आठ, मुंबईची लावणी सहा, वामनदादा पाच. झाली बावीस. उरलेल्या तिनात धोट्याची गोष्ट सांगा, ती एखाद्या दहावीतल्या मुलीला सांगू दे. निवेदक ठेवूच नका. त्याच्या हातात माईक गेला की दहा मिनिटं तोच खातो, आणि मग कात्री लागते ती मैनेच्या शेवटाला.