‘मॅपिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

घासलेट: साध्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बांधणाऱ्या ‘ह्यूगो’च्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना एका वाक्यावर अडलंय. ‘कंटेंट/लेख/दिवाळी.एमडी’ ही फाइल बांधणीनंतर ‘पब्लिक/लेख/दिवाळी/इंडेक्स.एचटीएमएल’ होते. कुठली फाइल कुठे जाणार, या ठरलेल्या नियमाला मूळ मजकुरात मॅपिंग म्हटलंय. मी ‘जुळणी’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘प्रतिचित्रण’ केलं.

काटकोन: प्रतिचित्रण म्हणजे झेरॉक्स वाटते. पण जुळणीही नको. छपाईत जुळणी म्हणजे खिळे जुळवणं, अक्षरजुळणी. प्रकाशनाच्याच साधनात तो शब्द घातलात तर वाचक टाइपसेटिंग समजेल.

फुलस्केप: भूमितीच्या पुस्तकात तयार शब्द आहे की. दोन त्रिकोणांच्या शिरोबिंदूंमधली ‘एकास एक संगती’. संगत पथ, संगत पान.

तिरपागडं: एकास एक असती तर प्रश्नच नव्हता! ‘लेख’मधल्या दोन फाइलींत स्लग, म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव, ‘दिवाळी’च टाकला, की दोघींना जागा एकच. एक पान दुसऱ्यावर लिहिलं जातं, कुठलं उरेल याचा भरवसा नाही आणि ह्यूगो आपणहून चकार शब्द काढत नाही. ‘--प्रिंटपाथवॉर्निंग्ज’ लावून बांधलं तरच इशारा येतो. ह्यूगोसारखंच दुसरं साधन, इलेव्हन्टी, अशा वेळी चूक दाखवून थांबतं, ते बरं.

फुलस्केप: मग ‘मुक्काम पोस्ट’ म्हणा. पाच वाड्यांचे पाच मुक्काम, पोस्ट एकच.

शुद्धोदक: मुक्काम अरबी, पोस्ट इंग्रजी. ‘प्रतिचित्रण’ची तक्रार करणाऱ्यांना हे चालतं?

तिरपागडं: तुमची ‘तक्रार’ही अरबीच आहे.

बारनीस: कचेरीतली आवक-जावक कुणाला आठवत कशी नाही? आवक पथ, जावक पथ. आणि दोन्हींची नोंद ठेवते ती बारनिशी. त्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा, फडणीस, चिटणीसमधलाच.

काटकोन: जावक म्हणजे कागद कचेरीबाहेर गेला. ‘पब्लिक’ तर तुमच्याच डिस्कवर पडून असतं, सर्व्हरवर पाठवणं ही वेगळी पायरी. शिवाय कंटेंटमधली एमडी उडवली तरी ‘पब्लिक’मधलं जुनं पान तसंच राहतं आणि पुढच्या रवानगीत बाहेरही जातं. म्हणून बांधणीआधी ते फोल्डर रिकामं करावं. जेकिल या तशाच साधनाचं उलटं: ‘_साइट’ दर बांधणीला साफ होतं. त्यात हाताने ठेवलेलं काही टिकवायचं तर त्याचं नाव सेटिंगमधल्या ‘कीप_फाइल्स’ यादीत हवं.

घासलेट: नामच नको, क्रियापद घालू का? ‘ही फाइल अमुक ठिकाणी पडते.’ खात्यात पैसे पडतात तसं.

शुद्धोदक: साइट पडते, सर्व्हर पडतो. प्रकाशनाच्या पुस्तिकेत ‘पडते’ अपशकुनी आहे.

फुलस्केप: ‘उतरते’ म्हणा.

काटकोन: म्हणजे डाउनलोड.

ओलीशाई: शब्द काहीही घ्या, पण उदाहरणात ‘दुसऱ्या-दिवशी.एमडी’सारखं नाव नको. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइली साठवायची पद्धत फाइलनावातल्या ‘ऱ’चे दोन तुकडे करून ठेवते: र आणि खालचं टिंब. यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचे ६ होतात. डोळ्यांना फरक शून्य. मग फोल्डर तुकड्यांच्या ‘ऱ’चं बनतं, दुव्यात मात्र कीबोर्डवरचा अखंड ‘ऱ’. लिनक्स सर्व्हर बाइट ताडून बघतो, म्हणून ४०४, पान सापडत नाही. लिनक्सवर आणल्यावर ‘कन्व्हएमव्ही’ या फाइलनावं बदलणाऱ्या आज्ञेला ‘--एनएफसी’ देऊन नावं अखंड करावीत. ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय ते नुसतं काय बदलेल तेवढंच दाखवतं. किंवा स्लग रोमनमध्ये द्यावा.

शुद्धोदक: रोमनमध्ये? मग भाषांतर कशाला करताय? आणि ते टिंब नव्हे. ‘ऱ्या’तला तो अर्धा र आहे, मराठीत नुक्ता नसतो.

ओलीशाई: दिसतो अर्धा र, साठवला जातो टिंबासकट. युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ ला बघा, ‘ऱ’ची फोड र अधिक नुक्ता अशीच दिलीय.

शुद्धोदक: तक्ता करणाऱ्यांना मराठी कुठे येत होतं?

बारनीस: ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ त्या अर्ध्या र शिवाय लिहून दाखवा, मग बोलू.

घासलेट: तपासणाऱ्यांनी आता ‘प्रतिचित्रण’चं ‘मानचित्रण’ केलंय.