तोंड उघडं असताना दिलेला होकार

टाचणी

चर्चेचा धागा थोडा चिडून काढतेय, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात खालच्या डाव्या दाढेत फिलिंग करायला गेले. साधं फिलिंग, असंच ठरलं होतं. इंजेक्शन दिलं, खालचा ओठ हनुवटीपर्यंत जड झाला, गालात कापसाची गुंडाळी, जिभेखाली लाळ ओढणारी नळी फुरफुरतेय. मशिन मध्येच थांबलं. डॉक्टर मास्कमधूनच म्हणाले, "कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनाल लागेल, वर कॅप. आत्ताच सुरू करू ना?" मी म्हटलं, "आँ?" मला विचारायचं होतं "म्हणजे काय?" त्यांनी तो होकार धरला.

आकडा कळला तो बाहेर काउंटरवर. ठरलेल्याच्या कितीतरी पट. वर "कॅप कुठली घेणार, मेटल, मेटल-सिरॅमिक की झिरकोनिया?" हा प्रश्न मी रुमालानं लाळ टिपत, अर्ध्या बधिर तोंडानं ऐकला.

दाढ आता दुखत नाही. काम चांगलं झालं असावं, तक्रार त्याची नाहीच. खुर्ची आडवी आणि तोंड उघडं असताना पैशाचा प्रश्न विचारू नये, एवढंच म्हणणं आहे. खुर्ची सरळ करा, नळी काढा, चूळ भरू द्या, मग विचारा. दातांच्या डॉक्टरांची भीती म्हणजे सुईची भीती असं सगळे धरून चालतात. माझी तरी निम्मी भीती अशी आडवं पडून "हो" म्हणावं लागण्याची आहे.

सत्तावीस दात

काढून टाकायची होती दाढ. एका बैठकीत काम, एकदाच पैसे. मी पाच काढल्यात, उरलेल्या सत्ताविसांवर मजेत चाललंय.

आरसेवाला

टाचणीताई, मी याच धंद्यातला, त्यामुळे माझं बोलणं एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

एक्स-रे म्हणजे सावली. दाढ तीन मितींची, चित्र सपाट. किडीची खोली त्यात बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. वरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्याखालचं डेंटिन मऊ, तिथे कीड आडवी पसरते. वरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक (नाव तुमचंच, हलके घ्या.) आणि आत पोकळी, असं रोज बघतो. नस उघडी पडणं आधी ठरवून होत नाही. त्या क्षणी भूल चढलेली असते, दाढ कोरडी केलेली असते. तिथे थांबून हिशेब करत बसलो तर दुसरं इंजेक्शन, दुसरी चक्कर. आणि तेव्हा हाच पेशंट म्हणतो, "एकदाच उरकलं का नाही?"

पैशाबद्दलही सांगतो. कॅप लॅबमधून बनून येते, तिचे पैसे लॅबला जातात. रूट कॅनालच्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल्स, म्हणजे मूळ आतून साफ करायच्या सुया, केसाएवढ्या बारीक असतात, वापरून थकतात, वाकड्या मुळात अडकून तुटूही शकतात, म्हणून त्या ठरावीक वापरानंतर टाकाव्या लागतात. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण आमच्या धंद्याला उलटी लागू आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही.

टाचणी

आरसेवाला, तुमच्याच उत्तरात माझा मुद्दा आहे बघा. कीड किती खोल आहे हे आधी कळत नाही, मान्य. पण खोल *असू शकते* हे तर तुम्हाला आधीच माहीत असतं ना? मग मी खुर्चीत ताठ बसलेली असतानाच दोन आकडे सांगा. फिलिंगवर भागलं तर हा, नस उघडी पडली तर हा. आणि तिसरा पर्याय: तात्पुरतं औषध भरून आज थांबायचं. तो असतो की नाही?

आरसेवाला

असतो. बऱ्याचदा काही दिवस निभावतं. पण "तात्पुरतं" म्हणून गेलेले सहा महिन्यांनी गाल सुजवून परत येतात, हे तुम्ही बघितलेलं नाही.

टाचणी

ते माझ्या गालाचं मी बघेन. पर्याय सांगायला काय हरकत होती?

ससेहोलपट

मी सरळ विरुद्ध पार्टीतला. मला काहीच सांगू नका!

ताई, तुमची भीती हिशेबाची आहे. रागावू नका, पण ती भीती परवडणारी आहे. माझी लहानपणापासूनची. दाढ काढताना दोघांनी हात धरून ठेवले होते, भूल पुरती लागली नव्हती. त्यानंतर तेरा वर्षं दवाखान्याची पायरी चढलो नाही. त्या मशिनचा आवाज दुसऱ्या खोलीतून आला तरी तळहात ओले होतात. दातांच्या भीतीची एक प्रश्नावली आहे, १९९५ची, पाच प्रश्नांची: उद्या जायचं असेल तर कसं वाटेल, बाहेर बसलेले असताना, मशिन लावताना, दात साफ करताना, इंजेक्शनच्या वेळी. पंचवीसपैकी एकोणीस किंवा जास्त आले की अतिभीती. मला बावीस आले. आता मला कोणी दोन आकडे आणि तीन पर्याय ऐकवले असते तर मी "विचार करून सांगतो" म्हणून निघालो असतो, ते पुढची तेरा वर्षं.

मधे एकदा रात्ररात्र ठणकायचं. मग एक दिवस आपोआप थांबलं. वाटलं सुटलो.

आरसेवाला

सुटला नव्हतात, नस मेली होती. थंड लागून दोन-चार सेकंद कळ येते आणि जाते, तोवर नस वाचण्याची शक्यता असते. गरम लागून ठणका मिनिटभर टिकतो, रात्री झोपेतून उठवतो, तेव्हा नस बहुधा हाताबाहेर गेलेली असते. आणि मग एकदम शांतता. ती शांतता आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवते, कारण जंतूंचं काम मुळाच्या टोकाशी चालूच असतं.

लहानपणी भूल लागली नाही, त्याचं कारणही बहुधा तेच असेल. पू झालेल्या जागी ऊतींमध्ये आम्लता वाढते, तिथे भुलीचं औषध नीट काम करत नाही. म्हणजे जो घाबरून थांबतो, त्याच्याच वाट्याला न लागणारी भूल येते.

हिशेबनीस

आणि तो मग आणखी घाबरतो. छान. पण डॉक्टर, हे सांगून तुम्ही ससेहोलपट यांना धीर देताय की धमकी? :)

सत्तावीस दात काकांना (काका गृहीत धरलंय) एक विचारायचंय. एकदाच पैसे, हा हिशेब पुरा आहे का? काढलेल्या दाढेच्या जागी पुढेमागे शेजारचा दात कलतो, समोरच्या जबड्यातला खाली किंवा वर सरकतो, तिथलं हाड झिजतं. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, करायचा तर दोन्ही बाजूंचे धडधाकट दात तासायचे. इम्प्लांट करायचं तर हाडात टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला धरून वाढतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. चीज भारी आहे, पण रूट कॅनाल आणि कॅप यांच्या बेरजेपेक्षा बहुतेक वेळा महागच पडते. काढणं स्वस्त असतं ते त्या दिवशीपुरतं.

सत्तावीस दात

काकाच आहे, बरोबर. हिशेब तुमचा पुस्तकातला, माझा तोंडातला. काढलेल्यांत चार अक्कलदाढा आणि एक शेवटची. त्यांच्या जागी काही बसवलं नाही, काही कललं नाही. जपानात १९८९ पासून मोहीम आहे, ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकवा म्हणून. मी वयानं अजून अलीकडे आणि दातांनी सात पुढे.

आरसेवाला

काका या एका बाबतीत अगदीच चुकीचे नाहीत. शेवटच्या दाढेची जागा मोकळी सोडलेली चालते, खूपदा. पण टाचणीताईंची शेवटून दुसरी असेल तर ते गणित वेगळं. कुठली होती?

टाचणी

बघा, हा प्रश्न मला इथे विचारला जातोय. तिथे कुणी "काढायचा पर्यायही आहे, पण ही दाढ काढू नका, कारण अमुक" असं म्हणालं असतं तर मी आनंदानं रूट कॅनालला पैसे मोजले असते. शेवटून दुसरीच होती. हे मला आत्ता आरशात मोजल्यावर कळलं.

ससेहोलपट

आता माझं पुढचं ऐका. शेवटी गेलो, कारण गाल सुजला. (हो डॉक्टर, तुम्ही म्हणता तस्साच.) या वेळच्या डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट सांगितली: "डावा हात वर केलात की मी थांबेन." मी पाचव्या सेकंदाला हात वर केला. दुखत नव्हतं काही, फक्त बघायचं होतं. त्या थांबल्या. मशिन बाहेर काढलं, काही विचारलं नाही, वाट बघत बसल्या. मी हात खाली घेतला. पुढच्या पाऊण तासात आणखी दोनदाच वर केला.

इंजेक्शननंतर म्हणाल्या, "आता मिनिटभर छातीत धडधडेल. औषधात अ‍ॅड्रेनॅलिन असतं, त्याचं आहे, तुमचं नाही." धडधडलं. एरवी मी खुर्चीतून उडी मारली असती.

टाचणी

म्हणजे माहिती हवीच होती की तुम्हाला!

ससेहोलपट

हो आणि नाही. *मला* काय जाणवणार ते सांगितलं. *त्या* काय करणार ते नाही सांगितलं. "आता नस काढते" असं ऐकलं असतं तर दवाखान्यात मी दिसलो नसतो. पैशाचं तर बायकोशी बोलून घ्या म्हटलं, ती बाहेर बसली होती. तिला त्यांनी कागदावर लिहून दिलं.

टाचणी

कागदावर? आधी?

ससेहोलपट

आधी. दोन आकडे होते बहुतेक. मी पाहिला नाही तो कागद.

हिशेबनीस

हाहाहा. ताई, तुमच्या डॉक्टर ससेहोलपटांकडे आहेत.

आरसेवाला

हसा. पण हातवारे करून थांबायला दिलं की त्या पेशंटला वेळ दीडपट लागतो. तो वेळ बिलात कुठल्या नावानं लिहायचा? "वाट बघितली" म्हणून? तसं लिहिलं तर टाचणीताईच धागा काढतील.

एक मात्र नोंदवतो. भुलीच्या शोधात आमचीच जमात पुढे होती. होरेस वेल्स हा दंतवैद्य १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतः खुर्चीत बसला आणि स्वतःची दाढ काढून घेतली. पेशंटला आडवं पाडून मजा बघणारे आम्ही नाही.

सत्तावीस दात

त्यानं काढलीच ना शेवटी? कॅप नाही बसवली.

टाचणी

काका :D

आरसेवाला, वेळाचे पैसे लावा की. लपवू नका, लिहा. "वाट बघितली: इतके." मी देईन. आज कॅपच्या मापासाठी फोन केला होता. म्हटलं, येण्याआधी तिन्ही कॅपचे दर आणि किती वर्षांची गॅरंटी ते पाठवा. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही या तर खरं, खुर्चीत बसल्यावर डॉक्टर सांगतील."

म्हटलं, खुर्चीत नको. बाहेरच्या बाकावर बसते, डॉक्टरांना तिथे पाठवा.

हिशेबनीस

मग?

टाचणी

"विचारून सांगते" म्हणाली. थांबलेय.